पारवा रंग कुठून येतो? : काळ्या-पांढऱ्या लाकूडठशांविषयी

मार्केट यार्डात व्याख्यान म्हटलं की आमच्या काही मित्रांना अजूनही नवल वाटतं. भुसार बाजारात सौंदर्यशास्त्र कशाला, असं विचारतात. आम्ही त्यांना सांगतो की आजच्या विषयासाठी याहून चांगली जागा पुण्यात शोधून सापडणार नाही. सभागृहात येताना गाळ्यांवरून चालत आलात ना? गोणींच्या थप्प्या पाहिल्या असतील. प्रत्येक गोणीवर काळ्या शाईत व्यापाऱ्याचा मार्का. कुठे नाव, कुठे चांदणी, कुठे नुसता आकडा. रंग एकच, काळा. बाकी सगळं बारदानाचं अंग. पण माल उतरवणारा माणूस तो मार्का वीस पावलांवरून ओळखतो. पाठीवर ओझं वागवणाऱ्या माणसाला निरखून बघायला सवड कुठे असते? खूण एका नजरेत कळली पाहिजे.

आता एक बारकावा. गोणीवरचा मार्का बहुधा पत्र्याच्या साच्यातून उमटवतात. साच्यात भोकातून शाई जाते. ठशाचं काम उलटं. आडत्याच्या बिलावर बसतो तो रबरी शिक्का ठशाच्या कुळातला. जे उंच राहिलं त्याला शाई लागते, जे कोरून खाली गेलं ते कोरं राहतं. आजचा आमचा विषय या दुसऱ्या कुळातला आहे. लाकडाची फळी घ्यायची, पटाशीनं आणि चाकूनं कोरायची, रूळानं शाई फिरवायची, वर कागद ठेवून दाबायचा. छापयंत्र नसलं तरी चालतं, चमच्याच्या पाठीनं घासलं तरी ठसा उमटतो. चित्र उलटं उमटतं, म्हणून कोरताना उजव्याचं डावं करावं लागतं. कृती एवढीच. या एवढ्याशा कृतीतून जे चित्र येतं ते कधी कधी मोठमोठ्या तैलचित्रांपेक्षा जास्त का झोंबतं, हा आजचा प्रश्न.

कोरायचं ते काय?

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा सुरुवात तिथूनच करू. क्षमा करा, सवय जात नाही.

चित्रकार कागदावर पेन्सिलनं रेघ ओढतो तेव्हा तो काहीतरी घालतो. कागद रिकामा होता, आता त्यावर रेघ आहे. लाकूडठसा कोरणारा मात्र काहीच घालत नाही. न कोरलेल्या फळीवर शाई फिरवून छापलं तर काय येईल? निखळ काळा चौकोन. म्हणजे सुरुवातीला सगळा अंधार आहे आणि पटाशीचा प्रत्येक घाव थोडा उजेड आत सोडतो. कलावंताच्या हातात फक्त पांढरा रंग आहे, आणि तो पांढरा म्हणजे काढून टाकलेलं लाकूड.

आपल्याकडच्या वैशेषिकांनी 'अभाव' हा स्वतंत्र पदार्थ मानला. जमिनीवर घट नाही हे आपल्याला कळतं, तेव्हा नेमकं काय कळतं, यावर नैयायिक आणि मीमांसक शतकानुशतकं भांडले. अभावाचे त्यांनी चार प्रकार केले. त्यातला एक प्रध्वंसाभाव. घडा फुटल्यावर जो अभाव येतो तो. त्याला आरंभ असतो, शेवट नसतो. तोच घडा पुन्हा होत नाही. लाकूडठशातला पांढरा हा प्रध्वंसाभाव आहे. उडालेली कपची परत बसत नाही. तैलरंगात चूक झाली तर वरून रंग चढवता येतो, इथे तशी सोय नाही. म्हणून चांगल्या ठशातल्या रेघेत एक ठाम निर्णय दिसतो. बघणाऱ्याला तंत्र माहीत नसलं तरी तो निर्णय त्याला जाणवतो.

दुसरा वाद अंधाराचा. नैयायिक म्हणतात, अंधार म्हणजे केवळ तेजाचा अभाव. भाट्ट मीमांसक म्हणतात, नाही, अंधार हे द्रव्यच आहे. तो काळा दिसतो, हलताना दिसतो. वर्गात आम्ही कायम नैयायिकांची बाजू घेतली. ठसे पाहायला लागल्यापासून मात्र आमची पंचाईत झाली आहे. ठशात अंधार हेच द्रव्य. त्याला वजन आहे, बोटाला लागतो. निदान या कलेपुरतं तरी भाट्टांचं म्हणणं मान्य करावं लागतं.

लाकूड काय म्हणतं?

छपाईच्या आपल्या इतिहासातलं एक उदाहरण बघू. नाना फडणविसांच्या काळात पुण्यात एका कारागिराकडून भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यांवर कोरून घ्यायचं काम निघालं. नाना गेल्यावर ते काम मिरजेला गेलं आणि १८०५मध्ये तिथे गीता छापून निघाली. ते तांब्याचं खोदकाम होतं. तांब्यावर कोरलेली रेघ बारीक, घोटीव, कारागिराच्या मनासारखी येते. लाकडाचं तसं नसतं. फळीला रेषे असतात, गाठी असतात. रेष्यांच्या दिशेनं पटाशी सुळकन जाते, आडवी घातली की अडखळते, कपची भलतीकडे उडते. म्हणून लाकूडठशातली आकृती किंचित कोनाची, किंचित हट्टी असते.

ओंडक्याच्या आडव्या कापावर कोरलं तर रेषे आड येत नाहीत आणि केसासारखी रेघ मिळते. इंग्लंडच्या टॉमस ब्यूइकनं अठराव्या शतकाच्या अखेरीस त्या पद्धतीनं पक्ष्यांची पिसं न पिसं कोरली. पुढे एकोणिसाव्या शतकातल्या सचित्र मासिकांचं पोट त्यावरच भरलं. लिनोलियम आलं तेव्हा रेषे हा प्रकारच संपला, सगळीकडे सारखंच मऊ. आज पडद्यावर आम्ही जी चित्रं दाखवणार आहोत त्यातली काही लाकडावरची आहेत, काही लिनोवरची. जाणकार दोन्हींत फरक करतील आणि तो करायलाच हवा. पण काळा-पांढरा, उंच-खोल, घाव-निर्णय हे व्याकरण दोन्हींचं एकच, म्हणून दोन्हींचा विचार एकत्र करतो.

मर्ढेकर कुठपर्यंत पोहोचतात?

मराठी समीक्षेत या चित्रांविषयी बोलायला एक तयार हत्यार आहे. बा. सी. मर्ढेकरांनी कलाकृतीच्या रचनेमागे लयीची तीन तत्त्वं सांगितली : संवाद, विरोध आणि समतोल. ठसा म्हणजे विरोधलयीचं शुद्ध उदाहरण. काळ्याशेजारी पांढरा, मधे कुणी नाही. काळा थोडा वाढला की पांढरा लखलखतो, पांढरा पसरला की काळा पोकळ होतो. हे सगळं मर्ढेकरांच्या चौकटीत छान बसतं आणि त्यातून बरंच कळतंही.

आता आमचीच एक गोष्ट सांगतो. आमच्या तरुणपणी एका मित्राच्या खोलीत भिंतीवर एक ठसा लावलेला होता. भुकेली बाई, मांडीवर मूल. आम्ही तेव्हा कांट नुकता वाचलेला. सौंदर्याचा आनंद निरपेक्ष असतो, वगैरे. मित्राला आम्ही तासभर सुनावलं की ही कला नाही, हे पोस्टर आहे. यात काळ्या-पांढऱ्याची जी रचना आहे तेवढीच कलेची, बाई आणि मूल हा प्रचार. मित्र शांतपणे म्हणाला, "मग ती बाई काढून तेवढीच रचना मला दाखव." आमच्याकडे उत्तर नव्हतं. आज पन्नास वर्षांनंतरही ते वाक्य आमच्या डोक्यातून गेलेलं नाही. त्या काळ्या आकाराला जे वजन होतं ते ती बाई असल्यामुळे होतं. आणि ती बाई एवढी भिडत होती ती त्या काळ्या आकारामुळे. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त कलाविचाराचे लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे दोन ध्रुव दाखवले. आम्ही त्यातल्या एकाच ध्रुवावर तंबू ठोकून बसलो होतो.

भरताच्या यादीत नसलेली गोष्ट

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. नाट्यशास्त्रात भरतानं प्रत्येक रसाला रंग दिला आहे. शृंगार श्याम, हास्य पांढरा, रौद्र तांबडा, वीर गौर, अद्भुत पिवळा, बीभत्स निळा. भयानकाचा रंग काळा. आणि करुणाचा? कपोत. कपोत म्हणजे पारवा. करुणाचा रंग पारवा आहे. इथल्या भुसार बाजारात सांडलेल्या दाण्यांवर दिवसभर जे पारवे उतरतात, त्यांच्या पंखांचा तो राखी रंग.

आता अडचण लक्षात घ्या. ठशाकडे रंग दोनच. भरताच्या हिशेबानं पाहिलं तर त्याच्या पेटीत भयानक आहे आणि हास्य आहे. करुणाची कुपी रिकामी. पेन्सिलकडे पारवा आहे, जलरंगाकडे आहे, फोटोकडे तर पारव्याशिवाय दुसरं काही नाही. ठशाकडे तो नाही. तरीही जगातले उत्तम ठसे पाहिले तर त्यातले कितीतरी करुणाचे आहेत. मग हा पारवा रंग येतो कुठून?

आमचं उत्तर असं. तो कागदावर नसतोच, बघणाऱ्याला तो तयार करावा लागतो. काळ्या रानात पांढऱ्या रेघा जवळजवळ कोरल्या की लांबून राखी छटा भासते, हे एक. पण ते डोळ्याचं काम झालं. त्याहून खोल काम मनाचं. काळा म्हणतो, इथे काही दिसणार नाही. पांढरा म्हणतो, एवढंच दिसेल. चेहऱ्याचा अर्धा भाग अंधारात गेला की तो अर्धा आपण भरतो, आणि भरायला आपल्याजवळ आपलंच दुःख असतं, दुसरं काही नसतं. साधारणीकरण म्हणतात ते इथे असं घडतं. तपशील वगळला गेल्यामुळे ती बाई कुणाचीही आई होऊ शकते. फोटोतली बाई बहुतेकदा तीच एक बाई राहते.

कोलविट्झ : तीन प्रयत्न

हे उत्तर तपासून पाहू. केटे कोलविट्झ ही जर्मन चित्रकर्ती. जानेवारी १९१९मध्ये बर्लिनमध्ये कार्ल लीब्क्नेख्त या पुढाऱ्याची हत्या झाली. त्याच्या कुटुंबाच्या सांगण्यावरून ती शवागारात गेली, रेखाटनं केली. मग त्या विषयावर तिनं आधी धातूवर अम्लरेखन करून पाहिलं. मनासारखं होईना. मग शिळाछाप केला. तोही नको वाटला. १९२०मध्ये अर्न्स्ट बार्लाखचे लाकूडठसे तिच्या पाहण्यात आले आणि तिनं लाकूड हातात घेतलं. ते चित्र लाकडातच पुरं झालं. खाली आडवा पांढरा देह, वर वाकलेली कामगारांची काळी गर्दी. आधीच्या दोन्ही माध्यमांत तिच्याजवळ राखी छटा हव्या तेवढ्या होत्या. त्या सोडल्या तेव्हाच चित्र जमलं. आमच्या म्हणण्याला यापेक्षा चांगला पुरावा आम्हाला ठाऊक नाही.

पुढे तिनं 'युद्ध' ही सात लाकूडठशांची मालिका केली. तिचा धाकटा मुलगा पीटर ऑक्टोबर १९१४मध्ये, युद्ध सुरू होऊन तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा मारला गेला होता. मालिकेतलं 'आई-वडील' हे चित्र बघा. दोन माणसं गुडघ्यांवर, एकमेकांत कोसळलेली. बापानं हातानं तोंड झाकलंय, आईचा चेहरा खाली गेलाय. म्हणजे ज्या चित्रात शोक दाखवायचा त्यात चेहराच नाही. उरतो एक काळा ढिगारा आणि त्यावर पांढरे घाव. इथे लाकडाचा हट्टीपणा कामी येतो. गुळगुळीत रेघेनं हे चित्र रडकं झालं असतं. युद्धावर सात चित्रं आहेत, पण एकातही रणांगण नाही. मागे राहिलेल्यांची आणि निघून चाललेल्यांचीच ती चित्रं आहेत.

शांघायहून अंधेरीपर्यंत

ठसा स्वस्त. एका फळीतून शेकडो प्रती निघतात, वर्तमानपत्रात छापता येतो. म्हणून तो प्रवास फार करतो. चीनचे थोर लेखक लू शुन यांनी ऑगस्ट १९३१मध्ये शांघायमध्ये तरुणांसाठी सहा दिवसांचा ठशांचा वर्ग भरवला. एक जपानी शिक्षक शिकवत होते, लू शुन स्वतः दुभाष्याचं काम करत होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांचा तरुण लेखकमित्र रौ शी याला गोळ्या घातल्या गेल्या होत्या. त्याच्या आठवणीसाठी लू शुननी एका मासिकात चित्र छापलं ते कोलविट्झचं 'बलिदान', आपलं तान्हं मूल पुढे धरणारी आई. शोकलेख लिहायची मुभा नव्हती तिथे एका परदेशी बाईच्या ठशानं शोक केला.

चिनी ठशांचा प्रभाव पुढे बंगालपर्यंत आला आणि तिथून एक माणूस आपल्या महाराष्ट्रात आला. चित्तप्रसाद. जन्म १९१५चा. जात सांगणारं आडनाव त्यानं टाकून दिलं. १९४३च्या दुष्काळात तो मिदनापूर जिल्ह्यात पायी फिरला, रेखाटनं केली. 'हंग्री बेंगॉल' नावानं ती पुस्तिका निघाली आणि इंग्रज सरकारनं प्रती जप्त करून जाळल्या. ती रेखाटनं शाईची, ठसे नव्हेत. त्यानंतर तो मुंबईत आला आणि आयुष्याची सुमारे तीस वर्षं अंधेरीत राहिला. पक्षापासून दूर झाला, गरिबीत जगला, मुलांसाठी कठपुतळ्यांचे खेळ केले. १९७८मध्ये कोलकात्यात त्याचं निधन झालं. मराठी माणसाला त्याचं नाव फारसं ठाऊक नाही, याची आम्हाला खंत वाटते. आपल्याच शहरात राहून त्यानं आपलीच माणसं कोरली.

त्याचं सगळंच काम आम्हाला सारखं आवडतं असं नाही, हे स्पष्ट सांगतो. आंदोलनासाठी केलेल्या चित्रांत वळलेल्या मुठी आणि रुंद छात्या फार येतात. तिथे काळा म्हणजे शत्रू आणि पांढरा म्हणजे आपण, असा सोपा हिशेब होतो. ठशाची ताकद तीच त्याची खोडही. त्याच्याजवळ मधली छटा नाही, म्हणून विचारातही मधली छटा न ठेवण्याचा मोह होतो. अशा चित्रात बघणाऱ्याला भरायला काही उरत नाही. पारवा रंग तयारच होत नाही. ती चित्रं मोठ्यानं बोलतात, आपण ऐकतो आणि घरी जातो.

पण १९५०च्या दशकाच्या आरंभी त्यानं लिनोवर कोरलेली मुलांची मालिका पाहा. 'परीकथा नसलेले देवदूत' असा तिच्या नावाचा अर्थ. बूटपॉलिश करणारी, ओझी वाहणारी, धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलं. इथे मूठ नाही, घोषणा नाही. मूल आपलं काम करतंय. अंग मुलाचं आणि चेहऱ्यावरची चिंता मोठ्या माणसाची. या एका विसंगतीवर चित्र उभं आहे. ही मुलं रडत नाहीत, म्हणून आपल्याला दया दाखवून मोकळंही होता येत नाही. डेन्मार्कच्या युनिसेफ समितीनं १९६९मध्ये ही मालिका पुस्तकरूपानं काढली. त्याच वर्षी महाराष्ट्रात माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण आज या जागी बसून दोन्ही एका दमात आठवल्याशिवाय राहवत नाही.

मग हमालाला काय मिळालं?

मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर यार्डात काम करणारे एक गृहस्थ आम्हाला भेटले. म्हणाले, "सर, ओझं आम्ही वाहतो, चित्र तो काढतो, सुंदर तुम्हाला वाटतं. यात आमचं काय?" आजचं हे व्याख्यान खरं म्हणजे त्यांना द्यायचं उत्तर आहे. ते आज आलेत, मागच्या रांगेत दिसताहेत.

दादा, तुमचा प्रश्न खरा आहे आणि त्याचं पुरतं उत्तर आमच्याकडे नाही, हे आधी कबूल करतो. भुकेचं चित्र सुंदर झालं म्हणजे भूक भागत नाही. ते दिवाणखान्यात लागलं की तिथल्या सोफ्याला शोभा येते, हेही खरं. ठसा मुळात स्वस्त म्हणून जन्मला, आज त्याच प्रती काचेत बसून महाग झाल्या आहेत. तो दोष आम्हा बघणाऱ्यांचा.

तरीही एक सांगतो. तुम्ही यार्डात रोज शेकडो लोकांच्या समोरून जाता. किती जण तुमच्या चेहऱ्याकडे बघतात? गोणीवरचा मार्का मात्र सगळे वाचतात. मालाला खूण आहे, वाहणाऱ्याला नाही. चांगला ठसा ही उलटापालट करतो. गोणीच्या मार्क्याला जी एका नजरेत कळण्याची ताकद आहे, तीच ताकद तो माणसाच्या चेहऱ्याला देतो. कोरणाऱ्यानं तुमच्यासाठी लाकूड कमी केलं, स्वतःला परत न येणारा घाव घातला, आणि बाकीचं आमच्यावर सोपवलं. त्यानं न्याय मिळत नाही. न्याय संघटनेनं, कायद्यानं मिळतो आणि तो मिळवायचं काम तुमच्या लोकांनी केलं आहे. पण ज्याच्याकडे कुणी बघितलंच नाही, त्याच्यासाठी कायदा करायचं तरी कुणाला सुचणार? बघणं ही पहिली पायरी. पहिल्या पायरीला जिना म्हणू नये, पण ती वगळून वरही जाता येत नाही.

तरुण श्रोत्यांना एक विनंती करतो आणि थांबतो. ही चित्रं फोनवर बघू नका असं आम्ही म्हणणार नाही, आम्हीही बघतो. पण फोनचा काळा म्हणजे विझलेला दिवा, तिथे खरोखर नैयायिकांचंच राज्य. कुठे प्रदर्शन लागलं तर मूळ ठसा जवळून बघा. कागद तिरका धरला तर दाबाच्या खुणा दिसतात, शाईची साय दिसते. आणि जमलं तर एक फळी घ्या, पटाशी घ्या आणि समोरच्या माणसाचा चेहरा कोरून बघा. कुठे थांबायचं हे कळायला आम्हाला पुस्तकांतून पन्नास वर्षं लागली. तुम्हाला कदाचित एका संध्याकाळीत कळेल.

आणि आता जाताना भुसार विभागावरून जा. पारवे अजून उतरलेले असतील.